क्लाउड की स्वतःची सर्व्हर रूम : कार्बनचा हिशेब दोन्हीकडे एकाच मापाने कसा करायचा?

आकडेमोड

क्लाउडवर गेल्याने कार्बन उत्सर्जन किती कमी होतं, हे ठरवायला बहुतेक ठिकाणी डावीकडे वीजबिल आणि उजवीकडे पुरवठादाराच्या डॅशबोर्डवरचा आकडा ठेवतात आणि वजाबाकी करतात. हे दोन आकडे वेगवेगळ्या मापाने मोजलेले असतात, त्यामुळे उत्तर चुकतं. या धाग्यात एकच नमुना घेऊन शेवटपर्यंत हिशेब करूया.

नमुना असा : दोन सीपीयूचे ४० सर्व्हर, प्रत्येकात ३२ कोअर म्हणजे ६४ थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं), १२८ जीबी मेमरी. सीपीयूचा सरासरी वापर १४ टक्के, सर्वाधिक २२ टक्के. मेमरी प्रत्यक्षात एकूण २,४०० जीबी वापरात. डेटा १२० टीबी, त्यातला अर्धा एसएसडीवर, अर्धा हार्ड डिस्कवर. खोलीचा पीयूई, म्हणजे खोलीची एकूण वीज भागिले त्यातल्या आयटी उपकरणांची वीज, १.८. ग्रिडचा, म्हणजे वीजजाळ्याचा, उत्सर्जन गुणांक दर युनिटला ०.६ किलो कार्बन डायऑक्साइड धरू. युनिट म्हणजे किलोवॉट-तास. ज्याला जो भाग येतो त्याने तो उचलावा. गृहीतकं स्पष्ट लिहावीत, म्हणजे दुसऱ्याला आकडा बदलून पाहता येईल.

हिशेबनीस

वॉट मोजण्याआधी कुंपण आखून घ्या. दोन्ही रकान्यांत काय येणार आणि काय नाही, हे आधीच कागदावर हवं.

ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलप्रमाणे, म्हणजे उत्सर्जनाच्या हिशेबाच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमांप्रमाणे, स्वतःच्या खोलीची वीज स्कोप २ (विकत घेतलेली वीज) मध्ये येते. जनरेटरचं डिझेल आणि एसीतून गळणारा वायू स्कोप १ (थेट उत्सर्जन) मध्ये, सर्व्हर बनवताना झालेलं उत्सर्जन स्कोप ३ (इतरांकडे झालेलं उत्सर्जन) मध्ये. क्लाउडवर गेल्यावर हे सगळंच ग्राहकाच्या स्कोप ३ मध्ये सरकतं, सहसा पहिल्या वर्गात, म्हणजे विकत घेतलेल्या वस्तू व सेवांमध्ये. म्हणूनच 'आमचं स्कोप २ इतकं घटलं' असं नुसतं सांगणं दिशाभूल करणारं आहे. उत्सर्जन कमी झालं नसलं तरी ते एका वहीतून दुसऱ्या वहीत गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट विजेच्या दोन पद्धतींची. २०१५ च्या स्कोप २ मार्गदर्शनात लोकेशन-बेस्ड आणि मार्केट-बेस्ड असे दोन्ही आकडे द्यायला सांगितले आहेत. पहिल्यात त्या भागातल्या ग्रिडचा सरासरी गुणांक लागतो. दुसऱ्यात हरित विजेचे करार आणि प्रमाणपत्रं धरली जातात, त्यामुळे तो आकडा शून्याच्या जवळही जाऊ शकतो. डावीकडे लोकेशन-बेस्ड आणि उजवीकडे मार्केट-बेस्ड ठेवलं की क्लाउड हमखास जिंकतो. तुलना करायची तर दोन्हीकडे लोकेशन-बेस्ड घ्या. मार्केट-बेस्ड आकडा हवा असेल तर खाली वेगळ्या ओळीत द्या.

तिसरी गोष्ट कामाच्या मापाची. सर्व्हरशी सर्व्हर जोडू नका, कामाशी काम जोडा : दर हजार व्यवहारांमागे किंवा दर सक्रिय वापरकर्त्यामागे किती ग्रॅम. ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशनचं एससीआय (सॉफ्टवेअर कार्बन इंटेन्सिटी) हे माप याच पद्धतीचं आहे आणि २०२४ पासून ते आयएसओ/आयईसी २१०३१ म्हणून मानकही झालं आहे. सूत्र सोपं : वीज गुणिले ग्रिड गुणांक, अधिक उपकरणाच्या निर्मितीतला वाटा, आणि या सगळ्याला कामाच्या एककाने भागायचं.

रॅक_सात

डावा रकाना, म्हणजे स्वतःची खोली, मी घेतो. इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे पॉवर सप्लायवर छापलेला आकडा धरणं. ७५० वॉटचे दोन सप्लाय पाहून १,५०० वॉट लिहिणारे तक्ते सर्रास दिसतात. ती क्षमता आहे, खप नाही. १४ टक्के वापराचा असा सर्व्हर भिंतीतून साधारण २०० वॉटच्या आसपास घेतो.

मोजायचं असं. रॅकमधला पीडीयू (सर्व्हरना वीज वाटणारी पट्टी) प्रत्येक आउटलेटचं रीडिंग देत असेल तर तेच घ्या. नसेल तर सर्व्हरच्या व्यवस्थापन चिपवरून, म्हणजे आयपीएमआय किंवा रेडफिशमधून, दर मिनिटाला पॉवर रीडिंग काढून साठवा. निदान चार आठवडे घ्या आणि त्यात महिनाअखेर येऊ द्या, कारण बॅकअप आणि महिन्याचे अहवाल तेव्हाच चालतात. सर्व्हरला ए आणि बी अशा दोन फीड (वीजजोडण्या) असतील तर दोन्हींची बेरीज करायची असते, हे विसरलं की आकडा निम्मा येतो. क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून व्होल्टने गुणलं तर मिळतात ते व्हीए (व्होल्ट-अँपिअर), वॉट नव्हेत. पॉवर फॅक्टरने गुणल्याशिवाय ते तक्त्यात लिहू नका.

आरएपीएल (सीपीयूतच असलेली वीजखप सांगणारी सोय) वापरणाऱ्यांसाठी : त्यात सीपीयू पॅकेज आणि बऱ्याच मॉडेलांवर मेमरी येते. पंखे, डिस्क, नेटवर्क कार्ड आणि पॉवर सप्लायमधला तोटा येत नाही. दोन प्रोग्रामांची तुलना करायला ते उत्तम आहे, पण अख्ख्या सर्व्हरचा खप म्हणून चालणार नाही.

नमुन्यात सर्व्हरमागे २१० वॉट धरू. ४० सर्व्हरचे ८.४ किलोवॉट. स्टोरेजचे १.६ आणि स्विचेसचे १ मिळून आयटी भार ११ किलोवॉट. वर्षाचे ८,७६० तास धरले की ९६,३६० युनिट.

उष्णगल्ली

त्यावर पीयूई १.८ लावला की १,७३,४४८ युनिट, म्हणजे १०४ टन. पण पीयूई कुठून आणला हे विचारा. बहुतेक तक्त्यांत तो इंटरनेटवरून उचललेला असतो. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या सर्वेक्षणात जागतिक सरासरी गेली काही वर्षं १.५५ ते १.६ च्या दरम्यान आहे, पण त्यात बांधीव डेटा सेंटर येतात. ऑफिसमधल्या एका खोलीत स्प्लिट एसी लावलेले असतील तर ती सरासरी तिथे लागू पडत नाही.

मोजायचं तर एक मीटर खोलीच्या मुख्य फीडवर आणि दुसरा यूपीएसच्या आउटपुटवर. एसी इमारतीच्या सामाईक पॅनलवर असेल तर त्याला वेगळा मीटर लावावाच लागतो, नाहीतर पीयूई १.१ दिसून सगळे खूश होतात. उन्हाळ्याचा एकच महिना किंवा थंडीचा एकच महिना घेऊ नका. यूपीएसवरही लक्ष ठेवा : डबल कन्व्हर्जन यूपीएस चांगल्या भारावर ९२ ते ९६ टक्के कार्यक्षमता देतो, पण १५-२० टक्के भारावर ती घसरते, आणि जुन्या खोल्यांत यूपीएस नेमका तसाच अर्धारिकामा चालत असतो.

पीयूई हे गुणोत्तर आहे हेही ध्यानात ठेवा. खोलीचं तापमान वाढवलं की एसीची वीज कमी होते, पण एका मर्यादेपलीकडे सर्व्हरचे पंखे जोरात फिरू लागतात. पंखे आयटी भारात मोजले जातात, म्हणून पीयूई सुधारलेला दिसतो आणि एकूण युनिट मात्र वाढलेली असतात. अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेची शिफारस १८ ते २७ अंश सेल्सिअसची आहे. त्या पट्ट्यात एकेक अंश वर सरकवत दर वेळी एकूण मीटर पाहा.

डिझेल आणि शीतकवायू वगळू नका. डिझेलचे लिटरमागे साधारण २.६८ किलो होतात. चाचणीसाठी महिन्यातून अर्धा तास जनरेटर चालवला तर ते किरकोळ आहे. वायूची गळती मात्र किरकोळ नाही. आर-४१०ए या एसीतल्या वायूचा तापमानवाढ गुणांक (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट) आयपीसीसीच्या चौथ्या अहवालाप्रमाणे २,०८८ आहे. वर्षात २ किलो वायू भरावा लागला असेल तर ४.२ टन झाले. एसीवाल्याच्या सर्व्हिस नोंदीत किती किलो भरला हे लिहिलेलं असतं, तिथून घ्या.

व्हीसीपीयू_मापक

उजवा रकाना, म्हणजे क्लाउड. सार्वजनिक क्लाउडच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये आरएपीएल सहसा दिसतच नाही, त्यामुळे वीज मोजता येत नाही, अनुमानच करावं लागतं. क्लाउड कार्बन फूटप्रिंट या मुक्त साधनाची पद्धत इथे सोयीची आहे. दर व्हीसीपीयूला (क्लाउडमधला आभासी सीपीयू, इथे एक थ्रेड धरलेला) किमान वॉट, अधिक वापराचं प्रमाण गुणिले कमाल व किमान यांतला फरक. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडसाठी त्यांनी सरासरी किमान ०.७४ आणि कमाल ३.५ वॉट धरले आहेत. एसएसडीला दर टीबी-तासाला १.२ वॉट-तास, हार्ड डिस्कला ०.६५, आणि नेटवर्कला दर जीबीला ०.००१ युनिट.

आधी किती व्हीसीपीयू घ्यायचे ते पाहू. ४० सर्व्हरचे २,५६० थ्रेड, त्याचे १४ टक्के म्हणजे सरासरी ३५८ थ्रेडचं काम, आणि २२ टक्क्यांना ५६३. ऑटोस्केलिंग (कामाप्रमाणे मशीन आपोआप कमी-जास्त होणं) लावून वरची मर्यादा ८०० आणि सरासरी ६४० व्हीसीपीयू चालू राहिले तर सरासरी वापर ५६ टक्के होतो. व्हीसीपीयूमागे ४ जीबीचं मशीन घेतलं तर मेमरी २,५६० जीबी, म्हणजे गरज भागते. पुष्कळदा सीपीयू पुरतो आणि मेमरी अडते. तेव्हा मेमरीप्रमाणे मशीनचा प्रकार निवडा, नाहीतर मेमरीसाठी म्हणून व्हीसीपीयू दुप्पट घेतले जातात.

५६ टक्क्यांना व्हीसीपीयूमागे २.२९ वॉट, ६४० चे १,४६३ वॉट. स्टोरेज : ६० टीबी एसएसडीचे ७२ आणि ६० टीबी हार्ड डिस्कचे ३९ वॉट. पुरवठादार डेटाच्या अनेक प्रती ठेवतो, तीन धरल्या तर ३३३ वॉट. महिन्याला ५ टीबी बाहेर जात असेल तर नेटवर्कचे महिन्याला ५ युनिट, ते सोडून देऊ. एकूण १.८ किलोवॉट, पीयूई १.१५ धरून वर्षाला १८,०९३ युनिट, त्याच ग्रिडवर १०.९ टन.

मेमरीबद्दल खबरदारी : या साधनात मेमरीला दर जीबीला ०.३९२ वॉट हा गुणांक आहे, पण तो फक्त चाचणीतल्या सर्व्हरपेक्षा जास्तीच्या मेमरीला लावायचा असतो. सरसकट लावला तर मेमरी दोनदा मोजली जाते.

आणि २,५६० थ्रेडना २,५६० व्हीसीपीयू असं जसंच्या तसं हलवलं तर? १४ टक्क्यांना व्हीसीपीयूमागे १.१३ वॉट, म्हणजे २,८८३ वॉट. तेवढंच काम आणि दुप्पट वीज. रिकामा व्हीसीपीयूही वीज खातो.

रॅक_सात

१०४ च्या जागी १०.९? हा दहापट फरक मला मान्य नाही, आणि का ते आकड्यांतच दिसतं. डावीकडे भिंतीतलं मोजमाप आहे, उजवीकडे सीपीयूच्या गुणांकातून काढलेलं अनुमान. तोच गुणांक डाव्या सर्व्हरना लावून पाहा : २,५६० थ्रेड १४ टक्क्यांना २,८८३ वॉट. प्रत्यक्ष मीटर ८,४०० दाखवतो. म्हणजे या गुणांकाने आपलेच सर्व्हर २.९ पटीने कमी मोजले.

यातला काही भाग जुन्या हार्डवेअरचा आहे, ते खरं. पण काही भाग पंखे, सप्लायमधला तोटा आणि आतल्या डिस्कचा आहे, आणि तो क्लाउडच्या सर्व्हरलाही चुकलेला नाही. शिवाय पुरवठादाराची राखीव क्षमता, नेटवर्क आणि व्यवस्थापनाचे सर्व्हर या गुणांकात येत नाहीत.

म्हणून उजवीकडे एक आकडा लिहू नका, पट्टा लिहा. खालचं टोक १.४६ किलोवॉट, वरचं टोक त्याला २.९१ ने गुणून ४.२६. स्टोरेज धरून वरच्या टोकाला ४६,२४० युनिट, म्हणजे २७.७ टन. खरा आकडा या दोन टोकांमध्ये कुठेतरी आहे, आणि एवढं सांगणं प्रामाणिकपणाचं आहे.

व्हीसीपीयू_मापक

मुद्दा मान्य. स्वतःच्या एका सर्व्हरवर गुणांक पडताळून पाहण्याची ही युक्ती प्रत्येकाने करावी, कारण भिंतीतलं रीडिंग हातात असतं ते फक्त तिथेच. शक्य असेल तर स्पेकपॉवर या सर्व्हरच्या वीजखपाच्या प्रमाणित चाचणीच्या निकालांत आपलं मॉडेल शोधा. तिथे १० ते १०० टक्के भाराचे वॉट टप्प्याटप्प्याने दिलेले असतात. मात्र चाचणीला पाठवलेल्या सर्व्हरमध्ये डिस्क आणि मेमरी नेमकीच असते, हे धरून चाला.

कोवळं_पान

वाचतोय. एक शंका : क्लाउड ९३ टक्के किंवा ९८ टक्के चांगला, असे आकडे जाहिरातींत येतात. ते कुठून येतात?

हिशेबनीस

ते मायक्रोसॉफ्टच्या २०१८ च्या अभ्यासातले. त्यात ऊर्जा-कार्यक्षमतेचा फायदा २२ ते ९३ टक्के असा पट्टा होता, आणि हरित विजेची खरेदी धरून कार्बनचा फायदा ७२ ते ९८ टक्के. जाहिरातीत वरचं टोकच येतं. खालचं टोक चांगल्या चाललेल्या मोठ्या डेटा सेंटरशी तुलना केल्यावरचं आहे. ४५१ रिसर्च या संशोधन संस्थेने एडब्ल्यूएससाठी २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या मध्यम कंपनी-डेटा सेंटरच्या तुलनेत ३.६ पट ऊर्जा-कार्यक्षमता आली. त्यातला मोठा वाटा नव्या सर्व्हरचा आणि त्यांच्या जास्त वापराचा होता. पीयूईचा वाटा त्याहून लहान.

आपल्याही नमुन्यात तेच दिसतं. १.८ चा पीयूई १.१५ केला तर घट ३६ टक्के. बाकीची बरीचशी घट रिकामे सर्व्हर गेल्याने आहे.

उष्णगल्ली

म्हणूनच तिसरा रकाना हवा, आणि तो बहुतेक अहवालांत नसतो : तीच खोली, पण नीट चालवलेली. ढिसाळ खोलीची तुलना नेटक्या क्लाउडशी करणं अन्यायाचं आहे.

जोनाथन कूमी आणि जॉन टेलर यांनी २०१५ मध्ये पाहिलेल्या नमुन्यात सुमारे ३० टक्के सर्व्हर सहा महिने काहीही उपयोगी काम न करता चालू होते. असे सर्व्हर शोधायला सीपीयू पाहू नका, कारण अँटिव्हायरस आणि बॅकअप एजंट त्याला २-३ टक्के हलवत ठेवतात. बाहेरून येणारी नेटवर्क जोडणी आणि लॉगिन ९० दिवसांत झाले का ते पाहा. संशयिताचा स्विच-पोर्ट आधी दोन आठवडे बंद ठेवा. वर्षातून एकदाच चालणाऱ्या कामासाठी मालकाला लेखी विचारा. मग मशीन काढा.

आता उरलेलं काम व्हर्च्युअलायझेशनने (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवून) १४ सर्व्हरवर आणू. ८९६ थ्रेड, सरासरी वापर ४० टक्के, सर्वाधिक ६३, एक सर्व्हर बंद पडला तर ६८. मेमरी १२८ जीबीने पुरणार नाही, काढलेल्या सर्व्हरच्या पट्ट्या घालून २५६ करा. पट्ट्यांचा प्रकार आणि रँक जुळतात का ते आधी तपासा, नाहीतर मेमरीचा वेग खाली येतो. सर्व्हरमागे ३३० वॉट धरले तर ४.६२ किलोवॉट, स्टोरेज-स्विच जसेच्या तसे २.६, एकूण ७.२२.

आणि इथे एक सापळा आहे. आयटी भार कमी झाला तरी एसी आणि यूपीएसचा खप त्या प्रमाणात उतरत नाही. आधी वरखर्च, म्हणजे आयटीखेरीज लागणारी वीज, ८.८ किलोवॉट होता. त्यातला निम्मा स्थिर धरला तर नवा वरखर्च ७.३, म्हणजे पीयूई १.८ वरून २.० वर चढतो. पीयूई बिघडलेला दिसतो पण उत्सर्जन १०४ वरून ७६.३ टनांवर आलेलं असतं. मग एक एसी बंद करा, रॅकमधल्या रिकाम्या कप्प्यांना झाकणं (ब्लँकिंग पॅनल) लावा, गरम गल्ली (सर्व्हरमागची गरम हवेची जागा) वेगळी करा, यूपीएसची मॉड्यूलं कमी करा. पीयूई १.५ वर आला तर ५६.९ टन. क्लाउडला हात न लावता निम्म्याच्या जवळपास घट.

आकडेमोड

फार उपयोगी. हे तीन रकाने झाले : १०४, ५६.९, आणि १०.९ ते २७.७. निर्मितीतलं उत्सर्जन अजून बाकी आहे.

हिशेबनीस

दोन सीपीयूच्या साध्या सर्व्हरला निर्मितीचे १,३०० किलो धरू आणि आयुष्य ५ वर्षं. ४० सर्व्हरचे वर्षाला १०.४ टन, १४ चे ३.६. पण डिस्क पाहिल्याशिवाय हा आकडा कुठेही चिकटवू नका. डेलने आर७४० या आपल्या सर्व्हरसाठी केलेल्या जीवनचक्र अभ्यासात ३.८४ टीबीच्या आठ एसएसडी होत्या. त्यात निर्मितीचा आकडा चार टनांच्या वर गेला आणि त्यातला सुमारे ८० टक्के वाटा एकट्या एसएसडींचा होता. बोआव्हिज्टाच्या मुक्त साधनात सीपीयू, मेमरी आणि डिस्क वेगवेगळ्या टाकून अंदाज काढता येतो. फक्त मॉडेलचं नाव टाकण्यापेक्षा ते बरं.

क्लाउडला वाटा असा : १२८ व्हीसीपीयूचा सर्व्हर, निर्मिती १,६०० किलो, ५ वर्षं. ६४० व्हीसीपीयू म्हणजे पाच सर्व्हर, वर्षाला १,६०० किलो. पण पुरवठादाराचे सगळे व्हीसीपीयू विकलेले नसतात. ६५ टक्के विकलेले धरले तर आपल्या वाट्याला २,४६० किलो. हा ६५ आकडा गृहीतक आहे, तसंच लिहा.

एक बारीक पण महत्त्वाचं : ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलच्या वार्षिक नोंदीत भांडवली वस्तूंचं उत्सर्जन खरेदीच्या वर्षीच पूर्ण धरायचं असतं, ते वर्षांवर वाटायचं नसतं. निर्णयासाठीच्या तुलनेत मात्र वर्षांवर वाटणंच योग्य. म्हणून दोन वेगळे तक्ते ठेवा. तीन वर्षं जुने सर्व्हर काढले तर उरलेल्या दोन वर्षांचा वाटा २०.८ टन होतो. ते उत्सर्जन होऊन गेलेलं आहे, क्लाउडवर गेल्याने परत मिळत नाही. सर्व्हर दुसरीकडे वापरात गेले आणि त्यामुळे कुणाची नवी खरेदी टळली, तरच त्याचं श्रेय धरा.

व्हीसीपीयू_मापक

यातूनच ग्रिडचा प्रश्न येतो. ०.६ ऐवजी ०.०५ किलोच्या ग्रिडवर, म्हणजे जलविद्युत किंवा अणुवीज जास्त असलेल्या भागात, डाव्या रकान्याची वीज ८.७ टनांवर येते आणि निर्मितीचे १०.४ टन त्याहून मोठे ठरतात. तिथे जुना सर्व्हर आणखी दोन वर्षं चालवणं हाच मोठा उपाय. कोळशाच्या ग्रिडवर नेमकं उलट.

क्लाउडचा रीजन, म्हणजे डेटा सेंटर ज्या भागात आहे तो, स्वच्छ ग्रिडवर निवडला तर फायदा होतोच, पण तो 'रीजनचा फायदा' म्हणून वेगळ्या ओळीत लिहा. आधी दोन्हीकडे एकच ग्रिड धरून तुलना, मग रीजन. आणि बिलाच्या रकमेवरून उत्सर्जन काढणारे गुणांक शक्यतो टाळा. मोठी सवलत मिळाली की त्यांच्या लेखी उत्सर्जनही कमी होतं, प्रत्यक्षात एकही वॉट हललेला नसतो.

पुरवठादारांची साधनं वापरा, पण त्यांचं पद्धतीचं पान आधी वाचा : लोकेशन-बेस्ड आहे का, निर्मिती धरली आहे का, आकडे किती महिने उशिरा येतात. पद्धत बदलली की मागचे महिने नव्या पद्धतीने पुन्हा काढले जातात का, हेही पाहा. नाहीतर आलेखातली उतरण्याची रेघ पद्धतीची असते आणि श्रेय आपण घेतो.

रॅक_सात

एक ओळ सगळ्या तक्त्यांतून सुटते : दोन्हीकडे एकाच वेळी चालण्याचा काळ. स्थलांतराला सहा महिने लागले आणि त्या काळात जुनी खोली पूर्ण चालू राहिली, तर तिचे ५२ टन क्लाउडच्या खात्यात टाका. पुष्कळदा शेवटचे चार-पाच सर्व्हर, एखादं जुनं लायसन्स किंवा टेप बॅकअपमुळे, तिथेच राहतात आणि त्यांच्यासाठी दोन्ही एसी आणि अख्खा यूपीएस चालत राहतो. १ किलोवॉटच्या आयटीला ५ किलोवॉटचा वरखर्च, म्हणजे पीयूई ६. म्हणून तक्त्यात 'स्थलांतर पूर्ण' या तारखेच्या शेजारी 'खोलीचा मुख्य ब्रेकर खाली' ही वेगळी तारीख लिहायला जागा ठेवा, आणि घट त्या दुसऱ्या तारखेपासूनच मोजा.